वैमानिकाच्या खांद्यावरच्या पट्ट्या नेमक्या कोणासाठी?

खिडकीशेजारी (प्रश्न)
माझा भाचा नुकताच एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू झाला. गणवेश चढवून तो पाया पडायला आला, तेव्हा आजीने त्याच्या खांद्यावरच्या तीन सोनेरी पट्ट्यांवरून हात फिरवत "चौथी कधी रे?" असे विचारले; चार पट्ट्या कप्तानाच्या असतात. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला आहे. कॉकपिटचे दार लागल्यावर वैमानिक कोणाच्या दृष्टीसही पडत नाही, मग हा थाट कशासाठी, आणि तो नौदलासारखाच का?

जुहूकर
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या थैल्या होत्या. थैल्यांना वैमानिकाच्या पोशाखाशी काय देणेघेणे? प्रवासी आले आणि चित्र बदलले. चामड्याचा कोट आणि गळ्यात रुमाल हा वेष धाडसी दिसतो खरा, पण पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसाला धाडसी वैमानिक नको असतो. पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीची तेव्हाची मोठी विमाने पाण्यावर उतरत. तिने जहाजावरच्या अधिकाऱ्यांचा गडद कोट, टोपी आणि पट्ट्या उचलल्या, हुद्देही तिथलेच घेतले आणि विमानांना 'क्लिपर' म्हटले. इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला.

तीन पट्ट्या
मी स्वतः फर्स्ट ऑफिसर आहे. या पट्ट्या शर्टावर शिवलेल्या नसतात, खांद्यावरच्या बंदात सरकवून बसवायच्या असतात. धुण्याआधी काढायला विसरलो की यंत्रातून चुरगळून निघतात. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारताना वरून चमकदार जाकीट घालावे लागते, त्यामुळे तिथे त्या दिसतही नाहीत. तरीही प्रवाशांना बाहेर काढण्याची वेळ आली, तर कोणाचे ऐकायचे हे गणवेशावरून क्षणात कळते, एवढ्यासाठी तो मला पटतो.

शंकासुर
प्रवाशांपुरते मान्य. दाराआड मात्र हाच दबदबा घातक ठरू शकतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ या स्पेनच्या बेटावरच्या धावपट्टीवर केएलएम या डच कंपनीचे आणि पॅन अ‍ॅमचे अशी दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. केएलएमचे कप्तान व्हान झांटेन हे कंपनीच्या जाहिरातींत झळकणारे, अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते. सहवैमानिकाची ७४७ वरची परीक्षाही त्यांनीच घेतली होती. दाट धुक्यात, परवानगी नसताना त्यांनी उड्डाणासाठी विमान धावपट्टीवर वेगाने नेले. पॅन अ‍ॅमचे विमान अजून धावपट्टीवर आहे की काय, अशी शंका त्यांच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारली, ती त्यांनी ठामपणे उडवून लावली आणि पुढे कोणी बोलले नाही. समोर चार पट्ट्या नसत्या, तर तो इंजिनिअर पुन्हा बोलला असता असे मला राहून राहून वाटते.

तीन पट्ट्या
एकट्या पट्ट्यांना दोष देता येणार नाही, धुके आणि रेडिओवरचा गोंधळही होताच. पण हा अपघात आम्हाला वर्गात शिकवतात तो याचसाठी. धोका दिसला की कप्तानांना स्पष्ट शब्दांत सांगायचे, उत्तर आले नाही तर पुन्हा सांगायचे, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर तीन पट्ट्यांवाल्याने नियंत्रण स्वतःकडे घ्यायचे, असा सराव आमच्याकडून सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, करून घेतात. तिथे बहुतेक जण साध्या कपड्यांत असतात.