नाकाच्या जखमा: आपले अनुभव लिहावेत

नाकाला लागले की बाहेरच्या जखमेची काळजी सगळे घेतात, पण आत डोकावून पाहायचे राहून जाते. आमच्या घरी हेच घडले, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी अशी जखम सोसली किंवा घरात सांभाळली, त्यांनी उपचारांसह सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

मे महिन्याच्या सुटीत फोंड्याजवळच्या माळावर खेळताना माझ्या 11 वर्षांच्या मुलाच्या नाकावर क्रिकेटचा चेंडू बसला. दांड्यावर चीर पडली होती आणि भळाभळा रक्त येत होते. जवळच्या दवाखान्यात जखम धुऊन दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, हाड मोडलेले नाही असे सांगितले आणि आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या रात्री त्याला ताप भरला, दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या आणि तो तोंडाने श्वास घेऊ लागला. मोबाईलच्या उजेडात पाहिले, तेव्हा मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा, मऊ फुगवटा दिसला. पहाटेच त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. पडद्यातल्या कूर्चेला (लवचिक, मऊ हाडाला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्यावरच्या आवरणातून होते. त्या दोहोंमध्ये रक्त साचले की कूर्चा उपाशी राहून काही दिवसांतच विरघळू लागते, त्यात पू झाला तर आणखी लवकर, आणि पुढे नाकाचा दांडा खोगिरासारखा बसतो, असे तेथील डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. त्यांनी छेद देऊन रक्त काढले, आवरण कूर्चेला चिकटून राहावे म्हणून दोन्ही बाजूंनी बोळे भरले आणि प्रतिजैविके दिली. नाक वाचले. पहिल्याच दिवशी कोणी आत बॅटरी मारून पाहिले असते, तर त्या दोन रात्री टळल्या असत्या, याचे मला अजून वाईट वाटते.

डिचोलीहून: चवथीच्या आरतीच्या गर्दीत माझ्या वहिनीची नथ कुणाच्या तरी ओढणीत अडकली आणि नाकपुडीची कड आरपार फाटली. घरी हळद भरण्याची घाई चालली होती. मी ती थांबवली, स्वच्छ रुमाल दाबून धरला आणि तिला शल्यचिकित्सकाकडे नेले. आतली त्वचा, कूर्चा आणि बाहेरची त्वचा असे थराथराने शिवावे लागते, शिवाय कडेची रेषा तंतोतंत जुळवली नाही तर तिथे कायमची खाच राहते, असे त्यांनी सांगितले. टाके सहाव्या दिवशी काढले. आता व्रण शोधूनच सापडतो.

वाळपईहून: माझ्या पुतण्याच्या नाकाच्या शेंड्याला कुत्रा चावला. आमच्या काकांनी त्याला नळाखाली धरून साबणाने पूर्ण 15 मिनिटे जखम धुतली. पोर रडत होते तरी सोडले नाही. चेहऱ्यावरचा चावा सर्वांत गंभीर गटात मोडतो, म्हणून रेबीजच्या लशीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) थेट जखमेत टोचावे लागले आणि टाके मुद्दाम लगेच घातले नाहीत. लशीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहिल्या होत्या.

मडगावहून: थोडेच लिहिते. घोळणा फुटल्यावर डोके मागे टाकू नये. पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून 10 ते 15 मिनिटे तोंडाने श्वास घ्यावा. मात्र डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल, तर नाकात काहीही न कोंबता आणि नाक न शिंकरता 108 ला फोन करावा. माझ्या भावाच्या अपघातात हे कुणालाच ठाऊक नव्हते.

काणकोणहून: आमच्या मुलीने तिसऱ्या वर्षी खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी नाकात घातली होती. एकाच नाकपुडीतून काळपट पाणी येत होते आणि आम्ही सर्दीचे औषध देत राहिलो. अशी बॅटरी काही तासांतच आतली त्वचा जाळते. ती काढेपर्यंत पडद्याला भोक पडले होते. आज ती 9 वर्षांची आहे. गाढ झोपली की श्वासाबरोबर बारीक शिट्टी ऐकू येते.