मदत हवी: मेंदू-मनावरचा ऑनलाइन जर्नल क्लब, दोनदा फसलाय

भांडुपकर: शनिवारी तिसरी मीटिंग आहे म्हणून घाईत लिहितोय. आमच्या जर्नल क्लबात सगळ्यांनी एक पेपर (शोधनिबंध) वाचून यायचं आणि त्यावर चर्चा करायची. दोन्ही वेळा पेपर आठवडाभर आधी ग्रुपवर टाकला, लोक जॉइन झाले, कॅमेरे बंद, मी एकटाच बोलतोय. दुसऱ्या वेळी ४० मिनिटांवर झूम कट झालं आणि परत तिघंच आले. लोकांना बोलतं कसं करायचं?

लिंबूटिंबू: कोण लोक, किती, पेपर कुठला? काहीच लिहिलं नाहीयेस.

भांडुपकर: राहिलंच. १४ जण. दोघी सायकॉलॉजी एमएच्या, एक फिजिओथेरपिस्ट, बाकी माझ्यासारखे आयटीवाले. विरार ते पनवेल पसरलेत म्हणून ऑनलाइन. पेपर एफएमआरआयचे होते, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामात असतो ते दाखवणाऱ्या स्कॅनचे.

परळची_रेसिडेंट: तिथेच गडबड आहे. एफएमआरआयचं स्टॅटिस्टिक्स नवख्याला झेपत नाही, मग माणूस गप्पच बसतो. आमच्याकडे एक जण प्रेझेंट करतो आणि दुसऱ्याने फक्त खोट काढायची, त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं. तुम्ही स्कोव्हिल आणि मिल्नरचा १९५७चा पेपर घ्या, एच.एम. या पेशंटचा, पबमेड सेंट्रल या पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात फुकट आहे. १९५३ला फिट्ससाठी ऑपरेशन करून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला आठवणी साठवायला लागणारा भाग) बराच भाग काढला, १९५५ला तपासलं तर तो तारीख मार्च १९५३ सांगतोय आणि स्वतःचं वय २७, म्हणजे नवं काही लक्षातच राहत नव्हतं. आयक्यू मात्र ११२, बुद्धी शाबूत! यावर कोणीतरी बोलेलच.

प्रीप्रिंटप्रेमी: इतका जुना कशाला? बायोआर्काइव्हवरचा ताजा प्रीप्रिंट घ्या, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर, चर्चेतले मुद्दे लेखकांना कळवता येतात, त्यांना सुधारायला वेळ असतो.

परळची_रेसिडेंट: त्याचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून तपासणी, झालेला नसतो. नवख्यांनी चूक कशी ओळखायची?

प्रीप्रिंटप्रेमी: छापलेलं तरी कुठे टिकतं? २०१५ला सायकॉलॉजीचे १०० अभ्यास परत करून बघितले तर साधारण ३६ टक्क्यांतच रिझल्ट सिग्निफिकंट आला, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही इतका ठळक.

हार्बरवाला: मी म्हणतो ऑनलाइन सोडाच, समोरासमोर बसा. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिकडे विचारा.

लिंबूटिंबू: अहो विरारवाल्याने दादरला उतरायचं, मग कुर्ल्याला गाडी बदलायची, तेही शनिवारी? वर वाचा ना.

मोगरा: माझी आई ७१ची, हल्ली गॅस चालू ठेवून विसरते. हे पण हिप्पोकॅम्पसचंच का?

परळची_रेसिडेंट: ताई, असं लिहून नाही कळत. न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवा, बी१२ आणि थायरॉइड पण तपासायला सांगतील, कमतरता निघाली तर औषधाने फरक पडू शकतो. थांबू नका.

लिंबूटिंबू: भांडुपकर, चर्चा कुठल्या भाषेत चालते?

भांडुपकर: इंग्लिशमध्ये. पेपर इंग्लिशच असतो ना.

लिंबूटिंबू: आणि १४ जण?

भांडुपकर: सगळे मराठी.

लिंबूटिंबू: अरे मग! हिप्पोकॅम्पसला हिप्पोकॅम्पसच म्हणा, पण "मला हा ग्राफ कळला नाही" हे तरी मराठीत बोलू द्या. मी स्वतः अशाच एका ग्रुपमध्ये वर्षभर म्यूटवर होतो, पेपर समजत होता, बोलायला जीभच वळायची नाही.

भांडुपकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. एच.एम.चाच घेतो. खोट काढायला एमएवाल्या एकीला आजच फोन करतो. झूमचं काय करू?

हार्बरवाला: गूगल मीट घ्या, फुकटात ६० मिनिटं मिळतात. मानखुर्दचं पण बघा.