देव नाही, तर वंदना कोणाची? बौद्ध धम्माच्या मूळ विचारांविषयी काही प्रश्न

रानजाई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी वारकरी घरात वाढलेली आहे. बौद्ध धम्माविषयी माझे वाचन शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकापलीकडे फारसे गेलेले नाही. पण बौद्ध सहकाऱ्यांच्या घरच्या मंगल कार्यांना जाणे होते आणि तेथील बुद्धवंदना ऐकताना काही प्रश्न मनात घर करून बसले आहेत. कोणाच्या श्रद्धेला उणे लेखण्याचा हेतू नाही, हे आधीच सांगते.

पहिला प्रश्न वंदनेचा. बुद्धांनी सृष्टीकर्ता ईश्वर मानला नाही आणि स्वतःलाही कधी ईश्वर म्हणवून घेतले नाही, असे वाचले आहे. मग मूर्तीसमोर फुले वाहून, मेणबत्ती व अगरबत्ती लावून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणणारा माणूस नेमके काय मागत असतो? आमच्याकडे पांडुरंगाला शरण जाणे म्हणजे आपला भार त्याच्यावर टाकणे. येथेही तसेच आहे का? दुसरा प्रश्न असा की, जीवन दुःखमय आहे हे पहिलेच सत्य मानणारा विचार माणसाला निराश करत नाही का? आणि तिसरा, जो मला सर्वांत अवघड वाटतो: आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा?

पिंपळपान

ताई, आपण मनापासून विचारले आहे, म्हणून वंदनेविषयी थोडे सविस्तर लिहितो. बाकीच्या दोन प्रश्नांवर येथील अभ्यासू मंडळी लिहितीलच.

वंदनेत बुद्धांकडे कसलीही याचना नसते. आरंभी ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ असे तीन वेळा म्हटले जाते, त्यानंतर त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे, आणि मग पंचशील. पंचशीलातील प्रत्येक ओळीचा शेवट ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ असा होतो. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थांचे सेवन या पाच गोष्टींपासून दूर राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो, असे तेथे म्हणणारा स्वतःच्या तोंडाने म्हणत असतो. कोणी वरून आज्ञा केलेली नाही आणि मोडल्यास शिक्षा करणारा कोणी बसलेला नाही. दर वंदनेला तीच शीले पुन्हा का घ्यायची, असे काही जण विचारतात. आपण ती मोडतो, म्हणूनच पुन्हा घ्यायची असतात.

फुलांविषयीची गाथा तर आवर्जून लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. तिच्या शेवटी ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’ असे शब्द येतात: हे फूल जसे कोमेजते, तशीच माझी ही कायाही नाशाकडे जाते. म्हणजे फूल वाहतानाच वाहणाऱ्याला अनित्यतेची आठवण करून दिली जाते. त्याच गाथेत ‘या पुण्याने मोक्ष लाभो’ अशी इच्छाही आहे, हे मान्य केले पाहिजे; पण तेथेही आधार आपल्या पुण्याचा आहे, कोणाच्या कृपेचा नाही.

शरण जाण्याविषयी धम्मपद या बुद्धवचनांच्या ग्रंथातच खुलासा आहे. भयाने व्याकूळ झालेली माणसे डोंगर, अरण्ये, उपवने, वृक्ष आणि चैत्ये (पूजास्थाने) यांना शरण जातात, पण ते सुरक्षित शरणस्थान नव्हे. जो बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जातो आणि चार आर्यसत्ये (दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग) सम्यक प्रज्ञेने पाहतो, तो दुःखातून मुक्त होतो, असे तेथे म्हटले आहे. यातले ‘पाहतो’ फार महत्त्वाचे आहे, कारण पाहण्याचे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही. त्याच ग्रंथात बुद्ध म्हणतात, ‘तुम्हेहि किच्चमातप्पं, अक्खातारो तथागता’. प्रयत्न तुम्हालाच करायचा आहे, तथागत, म्हणजे बुद्ध, केवळ मार्ग सांगणारे आहेत. तेव्हा भार टाकण्याची कल्पना येथे बसत नाही. वारकरी परंपरेतील शरणागतीला तिची स्वतःची थोरवी आहे. हा मार्ग मात्र निराळा आहे.

मूर्तीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मावळातील भाजे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जाते. त्यात आत गेल्यावर समोर दिसतो तो कोरीव स्तूप. बुद्धांची मूर्ती तेथे नाही. उपासक त्या स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालीत. अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या जुन्या लेण्यातही पूजेचे स्थान साधा स्तूपच आहे, आणि कित्येक शतकांनंतर कोरलेल्या 19 व 26 क्रमांकाच्या लेण्यांत मात्र त्या स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्ध प्रकटलेले दिसतात. मूर्ती नसतानाही उपासना शेकडो वर्षे चालू होती, हे आपल्याच सह्याद्रीत पाहायला मिळते.

ओंजळभर

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

बुद्धांनी पहिले प्रवचन सारनाथ येथे, ऋषिपत्तनाच्या मृगदायवनात, कौंडिण्यादी पाच परिव्राजकांना दिले. त्यात दुःख म्हणजे काय ते नेमकेपणाने सांगितले आहे: जन्म, जरा, व्याधी, मरण; न आवडणाऱ्याशी गाठ पडणे, आवडत्याचा वियोग होणे, आणि हवे ते न मिळणे. यात अतिशयोक्ती कोठे आहे? घरोघरी हेच घडते. पण प्रवचन येथे थांबत नाही. दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा आहे. कारण असल्यामुळे त्याचा निरोध होऊ शकतो. आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आठ अंगांचा आहे, असे पुढे येते. सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त (आचरण), आजीविका, व्यायाम (प्रयत्न), स्मृती (जागरूकता) आणि समाधी ही ती आठ अंगे होत. दुःख दैवाने किंवा देवाने लादलेले असते, तर त्यावर माणसाला काहीच करता आले नसते आणि मग निराशा योग्य ठरली असती. ते कारणांतून उपजते, म्हणूनच ते दूर करता येते. मला तरी यात निराशेचा लवलेश दिसत नाही.

तृष्णा म्हणजे सर्व इच्छा, असा अर्थ मात्र घेऊ नये. भुकेल्याने अन्न मागणे ही तृष्णा नव्हे. इंद्रियसुखाची, ‘मी असाच टिकून राहावे’ याची, आणि उलट ‘मी नाहीसा व्हावे’ याचीही जी ओढ माणसाला सतत फरफटत नेते, ती तृष्णा. स्वतःला संपवण्याची ओढही बुद्धांनी तृष्णेतच गणली, हे जीवनाला नकार दिल्याचा आरोप करणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

आता आत्म्याचा प्रश्न. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो ते रूप (देह), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणे), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांचे, म्हणजे घटकसमूहांचे, चालते संघटन आहे. यांपैकी एकही गोष्ट नित्य नाही आणि या पाचांच्या मागे बसलेला कोणी अविकारी स्वामीही नाही. मिलिंद या ग्रीक राजाने भिक्खू नागसेनांना हाच प्रश्न विचारला होता: पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेनांचे उत्तर असे की, तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसते, पण त्या दोन वेगळ्या ज्योतीही म्हणता येत नाहीत, कारण एकीच्या आधाराने दुसरी चालू असते. हे असताना ते होते, हे नसताना ते होत नाही, या प्रतीत्यसमुत्पादाच्या नियमाने प्रवाह पुढे जातो. प्रवासाला निघालेला आत्मा त्यासाठी लागत नाही.

सांजवारा

वरील विवेचन थेरवाद, म्हणजे पाली ग्रंथांना प्रमाण मानणाऱ्या जुन्या बौद्ध परंपरेला धरून आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ताई ज्या घरांत वंदना ऐकतात, ती बहुतेक बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतरची बौद्ध घरे असणार. 2011 च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे बाबासाहेबांचे म्हणणे वगळून हे उत्तर पुरे होणार नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्रिसरण आणि पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर लाखो अनुयायांना स्वतः 22 प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. त्या प्रतिज्ञांत जुन्या देवतांचा, श्राद्धपक्षाचा आणि पिंडदानाचा त्याग आहे, तसेच अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता (पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण) आणि प्राणिमात्रांवरील दया यांचा स्वीकारही आहे. सर्व माणसे समान आहेत, असे मानण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा त्यात आहे. हजारो वर्षे ज्यांना पाणवठ्यावर आणि देवळात येऊ दिले नाही, त्यांच्यासाठी ही प्रतिज्ञा धम्माच्या गाभ्यातच आहे. तिला सामाजिक म्हणून बाजूला काढता येत नाही.

1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या धम्मावरील ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी स्वतःच काही कठीण प्रश्न उभे केले. चार आर्यसत्ये ज्या रूपात सांगितली जातात ती मूळ शिकवण आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर, ही शंका त्यांनी घेतली, कारण दुःखाला अटळ ठरवणारी शिकवण सामान्य माणसाला आशा देऊ शकत नाही, असे त्यांना वाटत होते. म्हणजे ताई, आपला दुसरा प्रश्न बाबासाहेबांनाही पडला होता. त्यांच्या मते धम्माचे केंद्र माणूस आणि माणसाचे माणसाशी असलेले नाते हे आहे. दारिद्र्य आणि अन्याय यांतून येणारे दुःखही त्यांनी दुःखातच मोजले. पुनर्जन्माबाबत त्यांनी देहातील भौतिक घटक मृत्यूनंतर विखुरतात आणि पुन्हा नव्या संयोगात येतात असे म्हटले; आत्म्याचे संक्रमण त्यांनी नाकारले. पारंपरिक थेरवादी विद्वानांना हा अर्थ सर्वस्वी मान्य नाही. हा मतभेद खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोनच गोष्टी विचारते. काही कार्यक्रमांत भन्तेजी (भिक्खू) परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी म्हटली जाणारी सुत्ते, म्हणून मनगटाला पांढरा धागा बांधतात; तो गंडादोरा नव्हे का? आणि संसारी माणसाने, जो भिक्खू होणार नाही, त्याने रोजच्या जगण्यात नेमके काय करायचे?

पिंपळपान

धाग्याविषयी बौद्ध समाजातही दोन मते आहेत. श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथे ही प्रथा जुनी आहे. आपल्याकडे अनेक कार्यकर्ते तिला विरोध करतात, आणि धाग्याने संकट टळते असे कोणी मानत असेल, तर तो विरोध मला रास्त वाटतो. पाठ मात्र अर्थ समजून ऐकावा. त्यात मंगलसुत्त असते. मंगल कशाला म्हणावे, या प्रश्नावर बुद्धांनी मुहूर्त किंवा शकुन सांगितला नाही. मूर्खांची संगत टाळणे, शहाण्यांची संगत धरणे, आईवडिलांची सेवा, पत्नी-मुलांचा सांभाळ, निर्दोष कामधंदा, दान, कृतज्ञता, अशी एकामागून एक आचरणाची यादी दिली.

संसारी माणसासाठी सिगालोवाद सुत्त वाचावे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून, ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत उभा होता. बुद्धांनी त्याला अडवले नाही आणि हिणवलेही नाही. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, असे सांगून प्रत्येक दिशेविषयीची कर्तव्ये समजावली. आणि ती दोन्ही बाजूंची आहेत. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. मालकाने कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम, वेळेवर अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, घरी काही खास केले तर त्यातला वाटा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. घरकामाला येणाऱ्या बाईंशी आपण कसे वागतो, हे या ओळींपुढे उभे राहून तपासून पाहावे.

बाकी रोजची वंदना, पौर्णिमेला उपोसथ (व्रताचा दिवस) ठेवून अष्टशील, म्हणजे आठ शीले, पाळणे, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात जाऊन ग्रंथवाचन ऐकणे, यथाशक्ती दान, आणि घरात कोणी गेल्यास तेराव्याऐवजी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, असा आपल्याकडचा साधारण रिवाज आहे.

ओंजळभर

यात ध्यानाची भर घालतो. शील, समाधी आणि प्रज्ञा यांपैकी मधला भाग आपल्या घरांत अनेकदा सुटतो, याची मला खंत आहे. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना (संवेदना), चित्त आणि धम्म (येथे मनात येणारे विषय) यांच्याकडे जागरूकतेने पाहायला सांगितले आहे. ब्रह्मदेशातून 1969 मध्ये भारतात आलेल्या सत्यनारायण गोयंका यांनी शिकवलेल्या पद्धतीची दहा दिवसांची शिबिरे इगतपुरीच्या धम्मगिरीवर भरतात. आधी काही दिवस केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, मग अंगावरील संवेदनांकडे तटस्थपणे पाहणे, आणि शेवटी मैत्रीभावना, असा त्यांचा क्रम असतो. शुल्क नसते, पूर्ण केलेल्यांच्या दानावर ती चालतात. दहा दिवस काढणे सर्वांना जमत नाही. घरी वंदनेनंतर पंधरा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसले, तरी सुरुवात होते. ताई, त्यासाठी आपल्याला विठ्ठल सोडावा लागणार नाही. शिबिराच्या दिवसांत मात्र इतर उपासना बाजूला ठेवण्याचा तेथे नियम असतो, तो जाण्यापूर्वी माहीत असावा.