मदत हवी आहे: २०३३ नंतर मौना कियावर टीएमटीला जागा देणार कोण?

हवाईतल्या मौना किया पर्वतावरच्या नियोजित ३० मीटर दुर्बिणीचा (थर्टी मीटर टेलिस्कोप, टीएमटी) परवाना २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पर्वत पवित्र म्हणून नव्हे, तर आक्षेपांची सुनावणी होण्याआधीच तो दिला म्हणून (हा फरक चर्चेत नेहमी हरवतो). दुसरा परवाना २०१८ मध्ये टिकला. २०१९ मध्ये ज्येष्ठ मूळ हवाईयन विरोध म्हणून पर्वताच्या रस्त्यावर बसले आणि काम थांबलं.

पर्वतावरच्या जमिनीचा हवाई विद्यापीठाकडे असलेला १९६८ चा ६५ वर्षांचा भाडेपट्टा २०३३ मध्ये संपतो. २०२२ च्या कायद्याने कारभार नव्या प्राधिकरणाकडे जातोय. मग टीएमटीशी पोटभाडेपट्टा कोण करणार? पर्यावरण अहवाल नव्याने लागेल का? मूळ कलमं वाचलेल्यांनीच सांगावं.

पर्यायी जागा म्हणून ला पाल्मा (स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक) सुचवू नका. तिथली उंची ४,०५० ऐवजी सुमारे २,२५० मीटर, हवेत बाष्प जास्त, त्यामुळे मध्य-अवरक्त (मिड-इन्फ्रारेड) निरीक्षणं मार खातात.