सोसायटीच्या गच्चीवर सोलर: ४८ घरांना एका मतावर आणायचं कसं?

खजिनदारबाई

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमची सोसायटी आहे, २००७ सालची. दोन विंग, पार्किंगवर सहा मजले, ४८ फ्लॅट. बँकेतून निवृत्त झालेय म्हणजे हिशेब येतच असणार, एवढ्या एका पात्रतेवर मला खजिनदार केलंय. कोणी दुसरं पुढे आलंच नाही, हे खरं कारण.

लिफ्ट, पंप, जिने आणि पार्किंगचे दिवे यांचं कॉमन मीटर महिन्याला साधारण २,४०० युनिट खातं. बिल ४० हजारांच्या आसपास. मेंटेनन्समधला मोठा तुकडा तिथेच जातो. गच्ची मात्र रिकामी तापत पडलेली असते. म्हणून २० किलोवॅटच्या सोलरचा विषय सभेत काढला, आणि जे काही झालं ते ऐका.

सहाव्या मजल्यावरचे म्हणाले, गच्चीला भोकं पाडाल आणि पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये बादल्या ठेवायला लागतील. पहिल्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, मी लिफ्ट वापरत नाही, मी पैसे का भरू? (बारा वर्षं लिफ्टच्या बिलात वाटा देतायत, तेव्हा नाही आठवलं.) एक जण म्हणाले, मला एनओसी द्या, मी माझ्यापुरतं लावून घेतो. कोणीतरी मोबाईलवर वाचून सांगितलं की घरटी ७८ हजार सबसिडी मिळते, म्हणजे ४८ गुणिले ७८ हजार, आपल्याला उलट पैसे मिळतील! आणि सगळ्यात भारी मुद्दा म्हणजे बिल्डरने लावून दिलेले सोलर हीटर. त्यातले निम्मे केव्हाच बंद पडलेत, नळ्या फुटल्यात, टाक्या गंजल्यात. "हे एक सोलर बघितलं ना? आता दुसरं कशाला?" यावर टाळ्या पडल्या.

तीन कोटेशनं आलीत, साडेनऊ लाखांपासून चौदा लाखांपर्यंत. एवढा फरक का, हे तिघांनीही आपापल्या परीने सांगितलं आणि मला एकाचंही पटलं नाही.

ज्यांच्या सोसायटीत हे प्रत्यक्ष झालंय त्यांनी सांगा. तत्त्वज्ञान नको, पृथ्वी वाचवायची आहे हे मला मान्य आहे. सभेत काय बोललं की ठराव पास होतो?

---

तारमास्तर

बाई, मी इलेक्ट्रिकलचा माणूस. आमच्या इमारतीत हे काम होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ७८ हजारांचा निकाल लावू. पीएम सूर्यघर योजनेत स्वतःच्या घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. हाउसिंग सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर वेगळा आहे: किलोवॅटला सरसकट १८ हजार. २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. तेही काम पूर्ण होऊन नेट मीटर (तुम्ही घेतलेली आणि उलट दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागल्यावर सोसायटीच्या खात्यात येतात, आधी नाही. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. हे सभेत आधीच सांगा, नाहीतर नंतर "फसवलं" म्हणतील.

कोटेशनमधला फरक बहुतेक दोन गोष्टींमुळे असतो. एक, पॅनेल डीसीआर आहेत का, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले आहेत का. सबसिडी फक्त त्यांनाच मिळते आणि ते महाग असतात. साडेनऊवाल्याला लेखी विचारा. स्वस्त पॅनेलचा भाव लावून वर सबसिडी तोंडी कबूल करणारे महाभाग मी पाहिलेत. दोन, स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल बसवायचा लोखंडी सांगाडा. गुडघ्याएवढं बुटकं स्ट्रक्चर स्वस्त, माणूस खालून चालेल असं आठ फुटी स्ट्रक्चर महाग, कारण वाऱ्याला ते टिकायला लोखंड जास्त लागतं.

आता तुमच्या २० किलोवॅटबद्दल. पुण्यात एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो असं धरा. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये तोंड पाडून बसतो. २० किलोवॅटचे महिन्याला २,४०० झाले, तुमचा वापर तेवढाच. विक्रेत्याने बिल बघून तोच आकडा काढलाय. मी म्हणेन, १७ पुरे. बिलाच्या मागची स्लॅबची कोष्टकं बघा. घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, ५०० च्या वरची सगळ्यात महाग. तुमचं एकच मीटर असल्यामुळे २,४०० पैकी १,९०० युनिटं त्या महाग स्लॅबमध्ये जातात, वहन आकार धरून युनिटला पंधरा रुपयांच्या आसपास, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सोलर तुमच्या बिलाचा वरचा, महागडा थर आधी खातं. म्हणून पैसे लवकर वसूल होतात. पण खालची स्वस्त युनिटं वाचवण्यासाठी जादा पॅनेल लावणं परवडत नाही. शिवाय वापरापेक्षा जास्त बनून ३१ मार्चला खात्यात उरलेली युनिटं वीज कंपनी घेते ती किरकोळ दराने, तुम्ही भरता त्या दराने नाही.

त्याआधी पार्किंगमधल्या ट्यूबलाइट मोजा. दिवसा चालू असतात ना? एलईडी आणि सेन्सर लावले तर कदाचित १५ किलोवॅटवर भागेल. मंजूर भारही (वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेले किलोवॅट) तपासा, त्यापेक्षा मोठा प्लांट मिळत नाही.

आणि एक गोष्ट सभेत अगदी मोठ्याने सांगा: लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो. लिफ्टचा जनरेटर विकायला काढू नका.

---

गच्चीवरची_कोजागरी

आम्ही सांगलीत केलंय, तुमच्यापेक्षा लहान, २४ फ्लॅट. तारमास्तरांचे आकडे बरोबरच आहेत, पण ठराव आकड्यांनी पास होत नाही हो. आमच्याकडे मी मस्त तक्ता करून नेला होता, कोणी बघितलासुद्धा नाही.

सहाव्या मजल्याला आधी वेगळं भेटा. सभेत नाही, त्यांच्या घरी. त्यांची भीती खोटी नाहीये. आम्ही करारातच लिहून घेतलं की स्लॅबला ड्रिल करायचं नाही, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायचे, आणि गळती झाली तर वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराच्या खर्चाने. काम सुरू होण्याआधी गच्चीवर दोन-तीन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवलं आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या छतांचे फोटो काढले, घरमालकाच्या सहीसकट. काम झाल्यावर पुन्हा तेच. मजा म्हणजे पहिल्याच वेळी एका घरात ओल दिसली. पॅनेल यायच्या आधीच गच्ची गळत होती! ती सोसायटीने दुरुस्त करून दिली आणि त्या घरातल्या वहिनी सोलरच्या सगळ्यात मोठ्या प्रचारक झाल्या.

दुसरं, पॅनेलखालचा स्लॅब तापत नाही. वरच्या मजल्यावरच्यांना एप्रिलमध्ये रात्री पंख्याची हवा गरम लागते ना, ती जरा सुसह्य होते. हे त्यांना सांगा, पृथ्वीचं नका सांगू.

गच्चीचा एक कोपरा मोकळा ठेवा. पापड-कुरडयांचं वाळवण, चादरी, आणि कोजागरीचं दूध. आमच्याकडे यावरून सोलरपेक्षा जास्त भांडण झालं. शेवटी नकाशावर खडूने आखून दिलं.

आणि कबुतरं! कोणी सांगत नाही हे. पॅनेलखाली सावली मिळाली की आठवड्यात संसार थाटतात. चारही बाजूंनी जाळी पहिल्या दिवसापासून कोटेशनमध्ये घालून घ्या. धुवायला सकाळी लवकर जायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, टाकीतलं वापरा.

---

तळमजला_विरोधी_पक्ष

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. पैसा कुठून आणणार ते बाईंनी लिहिलं नाही. आमच्या कमिटीने सरळ सिंकिंग फंडाला हात घातला आणि ऑडिटरने शेरा मारला. तो फंड पुनर्बांधणी, मोठी दुरुस्ती असल्या कामांसाठी असतो, त्यालाही आर्किटेक्टचा दाखला आणि निबंधकांची परवानगी लागते. उठलं आणि खर्च केलं असं चालत नाही.

दुसरा प्रश्न: शेजारी काय आहे? पुण्यात सध्या प्रत्येक गल्लीत एक इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली असते. दक्षिणेच्या बाजूला उद्या अकरा मजली उभी राहिली तर तुमची पॅनेलं सावलीत. मग पंचवीस वर्षांची वॉरंटी घेऊन काय करणार?

---

तारमास्तर

विरोधी पक्षाचा दुसरा मुद्दा बिनतोड आहे, त्याचं गणित देतो. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. म्हणजे तुमच्या गच्चीपेक्षा दहा मीटर उंच इमारत दक्षिणेला असली तर तिची दुपारची सावली उत्तरेकडे नऊ मीटर पडते. सकाळी नऊला कितीतरी लांब. उलट मेच्या मध्यावर आणि जुलैअखेर सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सावलीचा प्रश्नच नाही. म्हणून विक्रेता मे महिन्यात गच्ची बघून "सगळीकडे ऊन आहे" म्हणाला तर मान डोलवू नका. डिसेंबरची सावली मागा. आपली स्वतःची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोलीसुद्धा विसरू नका, त्यांच्या उत्तरेला पॅनेल नकोत. एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावली त्याच्या जोडीला तारेत ओवलेल्या बाकीच्या पॅनेलांनाही मागे ओढते.

शेजारचा प्लॉट दक्षिणेला असेल तर त्यांचे नकाशे मंजूर झालेत का, एवढी चौकशी करा. पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर नुकसान आहे, पण धंदा बुडत नाही. तुमचे पैसे साधारण तीन वर्षांत फिटतात, पंचवीस वर्षांची वाट बघायची गरज नाही.

---

खजिनदारबाई

सगळ्यांचे आभार. विरोधी पक्षाचे जास्त, कारण आमच्या सभेत हेच येणार होतं.

दक्षिणेला शाळेचं मैदान आहे, तिथे बहुधा काही उभं राहणार नाही. पश्चिमेची इमारत मात्र रिडेव्हलपमेंटच्या गप्पा मारतेय. म्हणजे चहाच्या वेळेनंतरचं ऊन गेलं असं धरते.

पैशांचं असं ठरवतेय: सिंकिंग फंडाला हात नाही. ज्यांना जमेल त्यांनी सोसायटीला आगाऊ मेंटेनन्स द्यायचा, वर्षभराचा किंवा दोन वर्षांचा, त्यावर ठेवीएवढं व्याज. काल जिन्यातच चार घरं तयार झाली. उरलेलं सहकारी बँकेचं कर्ज, आणि सबसिडी आली की थेट कर्जात भरायची, कोणाच्या हातात पडू द्यायची नाही. बिलात वाचलेल्या रकमेतून हप्ता. कर्ज फिटेपर्यंत मेंटेनन्स एक रुपयानेही कमी करायचा नाही, हे ठरावातच लिहिणार. नाहीतर दुसऱ्याच महिन्यात "आता कमी करा" सुरू होईल, मला माझी माणसं माहीत आहेत.

पहिल्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं, पंपाचं पाणी तुम्ही पिता ना? हसले. अजून हो म्हणाले नाहीत.

मिळकतकराचंही विचारते. महापालिका सोलर, गांडूळखत, पाऊसपाणी साठवण असे प्रकल्प असले की करात सूट देते ना? आमचा गांडूळखताचा खड्डा आहे, फक्त त्यात हल्ली गांडुळांपेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या जास्त निघतात. शिवाय त्या एनओसीवाल्या गृहस्थांचं काय करू?

---

गच्चीवरची_कोजागरी

सूट मिळते. पुण्यातल्या माझ्या बहिणीकडे एका प्रकल्पाला पाच टक्के आणि दोन किंवा जास्त असले तर दहा टक्के होती. पण प्रकल्प चालू हवा, तपासायला माणूस येतो. आधी तो खड्डा साफ करा.

एनओसीवाल्यांना नाही म्हणू नका, शत्रू होतील. सामाईक प्लांटची जागा आधी नकाशावर पक्की करा, उरलेल्या गच्चीला ४८ ने भागा, आणि सांगा की तुमच्या वाट्याला एवढे चौरस फूट येतात, खुशाल लावा. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट लागतात. आमच्याकडच्या साहेबांच्या वाट्याला जेमतेम एका पॅनेलची जागा आली, तेव्हापासून ते सामाईक सोलरच्या बाजूने मत देतात.

---

तारमास्तर

ठरावाच्या मसुद्यात पाच वर्षांच्या देखभालीचा करार वेगळ्या रकमेसह घाला आणि शेवटचे दहा टक्के पैसे नेट मीटर लागून पहिलं बिल हातात येईपर्यंत रोखून धरा. ते बंद सोलर हीटर मात्र सभेच्या आधी भंगारात काढा. डोळ्यांसमोर ते गंजके पिंप असताना कोणीही हात वर करणार नाही.