मदत हवी आहे: चाकूचं पातं सपाट करायला सरफेस ग्राइंडर घेऊ की बेल्ट ग्राइंडर?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, मागे पत्र्याची शेड आहे. दोन वर्षं झाली ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचे किचनचे चाकू बनवतोय, आता लोक विळीची पाती पण मागायला लागलेत. भट्टी, ठोकणं, तेलात पाणी देणं (तापलेलं पातं तेलात बुडवून कडक करणं) हे सगळं जमतंय, अडतंय ते पातं सपाट करण्यापाशी.

पाटा मुळातच बाकदार, तापवून सरळ केला तरी हातोड्याचे खळगे राहतात, मग अँगल ग्राइंडर आणि कानस, आणि एवढं करून पाणी दिलं की परत थोडं वाकतंच. परवा आठ इंची पातं मार्किंग ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावलेल्या जाड काचेवर घासून बघितलं, निळं फक्त दोन्ही टोकांना लागलं, मधला भाग कोरा. त्यावर शिसवीची मूठ बसवली तर उजेडात धरल्यावर कागद जाईल एवढी फट दिसते. तिच्यात पाणी शिरणार, गंज धरणार, असा चाकू कोणाच्या हातात द्यायला मन होत नाही.

मकरपुरा जीआयडीसीत जुना सरफेस ग्राइंडर (फिरत्या दगडाखाली टेबल सरकवून लोखंड सपाट घासणारं मशीन, याचं टेबल हाताने सरकवायचं) बघून आलोय, टेबल १८ बाय ६ इंच, मॅग्नेटिक चकसकट (पातं चुंबकाने धरून ठेवणारा पाट) ८० हजार सांगतात, पण मोटर थ्री फेज आणि माझ्याकडे सिंगल फेज. नाहीतर तेवढ्यात २ बाय ७२ चा (२ इंच रुंद, ७२ इंच लांब पट्ट्याचा) बेल्ट ग्राइंडर येईल, त्यावर धारेचा उतार पण काढता येतो, पण दोन इंची प्लेटनवर (पट्ट्यामागचा सपाट आधार) रुंद पात्याच्या कडा गोल होतात ना? दोन्ही घेण्याची ऐपत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, आधी बेल्ट घ्या. सरफेस ग्राइंडरने वाकलेलं पातं आपोआप सरळ होईल असं समजू नका. चक चालू केला की मॅग्नेट त्याला खाली ओढून सपाट करतो, तुम्ही घासता, मॅग्नेट बंद केला की पातं परत होतं तसं वाकतं. पोकळ बाजू खाली ठेवून त्या पोकळीत कागदाच्या किंवा फिलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पत्र्याच्या) पट्ट्या भरायच्या, एका वेळी ०.०१ मिमीच उतरवायचं, दोन्ही बाजू आलटूनपालटून, आणि कूलंट हवाच, पातळ पातं तापलं की मधे फुगतं आणि पाणी (कडकपणा) पण उतरतं. भट्टीची काळी पापडी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून आधीच काढा, बेल्ट लवकर मरतात तिने.

मुठीच्या फटीसाठी ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि शेवटचा हात त्यावर मारा. मूठ बसते तिथे मधे किंचित पोकळ राहिलं तरी चालतं, कडा टेकल्या पाहिजेत.

तरी सरफेस ग्राइंडरच घ्यायचा असेल तर मोटरच्या प्लेटवर २३० डेल्टा (२३० व्होल्टवर चालायची जोडणी) लिहिलंय का बघा, असेल तर सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज बनवणारा ड्राइव्ह) लावून चालेल. नुसतं ४१५ व्होल्ट असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. प्लेटचा फोटो टाका इथे.