पदावर असलेल्या राष्ट्रपती-राज्यपालांवर दावा टाकता येतो का?

सीताबर्डीकर
राष्ट्रपती-राज्यपालांना कोर्टात खेचताच येत नाही, असं सरसकट सांगतात. समजा, एखाद्यानं धरमपेठेतल्या प्लॉटचा विसार घेतला, खरेदीखत करून दिलं नाही आणि आता तीच व्यक्ती राज्यपाल झाली. दावा नागपुरात टाकता येईल, की ५ वर्षं वाट पाहायची? आणि गुन्ह्याचं काय?

सिव्हिल लाइन्स वकील
वाट पाहू नका भाऊ. करारपूर्तीच्या दाव्याची मुदतच ३ वर्षांची आहे, कार्यकाळ संपेपर्यंत हक्कच बुडेल.

घटनेचं कलम ३६१ पोटकलमं सुटी करून वाचा. पदाच्या कामाबद्दल ते कोर्टाला उत्तरदायी नाहीत. पदावर असेपर्यंत कोर्टात फौजदारी कारवाई सुरू होत नाही, आधीची पुढे चालत नाही, अटकेचा हुकूम निघत नाही. खासगी व्यवहाराच्या दिवाणी दाव्याला मात्र बंदी नाही, मग तो व्यवहार पद घेण्याआधीचा असो की नंतरचा. अट एकच, पोटकलम (४) ची लेखी नोटीस आणि त्यानंतर २ महिने.

नोटिशीत कारवाईचं स्वरूप, दाव्याचं कारण, वादीचं नाव, वर्णन, राहण्याचं ठिकाण आणि मागितलेली दाद हे सगळं हवं. काही सुटलं की दावा फेटाळण्याचा अर्ज आलाच समजा. नोटीस त्यांच्या हाती द्यायची किंवा कार्यालयात ठेवायची. पोच जपा, २ महिने तिथून मोजतात, टपालात टाकल्या दिवसापासून नव्हे. मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे हा काळ मुदतीतून वगळला जातो.

घोळ होतो तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० चा, म्हणजे सरकारवर दावा टाकण्याआधीच्या नोटिशीचा, जुना मसुदा उचलल्यामुळे. तिथे तातडी दाखवून कोर्टाच्या परवानगीनं नोटिशीविना दावा टाकता येतो. ३६१(४) मध्ये ती सोय नाही. म्हणजे ते २ महिने मनाई हुकूमही नाही! तेवढ्यात प्लॉट तिसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन ठेवा. दावा नागपुरातच, कारण मिळकत जिथे, दावा तिथे.

धंतोलीचा वाचक
गुन्ह्याबाबत २०१७ चा निकाल बघा. बाबरी प्रकरणात कल्याणसिंह तेव्हा राजस्थानचे राज्यपाल होते. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, पदावर आहेत तोवर संरक्षण, पद सुटताच सत्र न्यायालयानं आरोप निश्चित करावेत. २०१९ मध्ये कार्यकाळ संपला आणि त्याच महिन्यात त्यांना लखनऊच्या कोर्टात हजर व्हावं लागलं. (२०२० मध्ये ते निर्दोष सुटले, तो भाग वेगळा.) ढाल खुर्चीला आहे, माणसाला नाही.

पोलीस तपासाचं जरा अवघड आहे. कलमात शब्द ‘कोर्टातली कारवाई’ असे आहेत, तपासाचा उल्लेख नाही. २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका तक्रारीवरून हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

सीताबर्डीकर
मग महाभियोग? आणि साक्षीला तरी बोलावता येतं का?

सिव्हिल लाइन्स वकील
महाभियोग फक्त राष्ट्रपतींवर आणि फक्त घटनाभंगासाठी, कलम ६१. सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. लोकसभेच्या ५४३ जागांवर ३६२. दुसऱ्या सभागृहात चौकशी आणि पुन्हा तेवढंच बहुमत. आजवर एकदाही झालेला नाही.

साक्षीला जबरदस्तीनं बोलावता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ प्रमाणे जातीनं हजर राहण्यापासून सूट आहे. तरी व्ही. व्ही. गिरींनी १९७० मध्ये, राष्ट्रपती असताना, स्वतःच्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयात जाऊन साक्ष दिली.

धंतोलीचा वाचक
एक राहिलं. राज्यपालांच्या अधिकृत आदेशाला खंडपीठात आव्हान द्यायचं असेल, तर त्यांना प्रतिवादी करू नका. त्यांना नोटीस काढता येत नाही, हे २००६ च्या बिहार विधानसभा विसर्जन प्रकरणात ठरलंय. आदेश मात्र तपासता येतो, अगदी दुष्ट हेतूच्या मुद्द्यावरही. प्रतिवादी म्हणून महाराष्ट्र शासन लावा, संबंधित विभागाच्या सचिवांमार्फत.